दारावरचा गोल

१० जुलै

झालं बाप्पा एकदाचं!

आज आषाढी पौर्णिमा. विहारात वंदना झाली, वर्षावासातलं ग्रंथाचं पहिलं वाचन झालं, लोक उठायच्या बेतात होते, अन् मी उभी राह्यली. शहरातल्या संशोधनवाल्या मॅडमनं मागेच सांगितलं होतं, "धम्मशीलाताई, लोक आमचं ऐकणार नाहीत. तुम्ही गावच्या आशा सेविका आहात, तुमचं ऐकतील." तवा छाती फुगली होती माझी. आज विहारात पार बसली!

सांगितलं सगळं. सिकल म्हणजे रक्तातला दोष. मायबापाकडून लेकरात येतो, दोघांकडून आला तरच लेकरू आजारी, एकाकडून आला तर वरून दिसत नाही. कोणाकोणाच्या रक्तात आहे ते पाहायचा अभ्यास आहे. नाव कुठंच जाणार नाही, नुसता नंबर. ज्याचं त्यालेच कळंल.

राजकुमार तेवढा मागून म्हणे, "आपलं रक्त नेऊन ते काय करतीन, हे पाहाले कोण जाते? आजवर जो आला तो विचारून गेला. परत सांगाले कोण आलं?" खोटं नव्हतं त्याचं.

मंग जनकामावशी उठली. भिंतीले भिंत लागून घर आहे आमचं. म्हणे, "शीलाच्या प्रेरणाले काय झालतं, समजलं का कोणाले? हातपाय दुखू दुखू गेली पोट्टी. कोणी म्हणे अशक्तपणा, कोणी म्हणे बाहेरचं. शीला म्हणते नाव जाणार नाही, तं नाही जाणार. घ्या माहं रक्त. माहं अन् माह्या मयुरीचं."

मंग काय, एकेक हात वर होत गेला.

भरल्या विहारात माझ्या प्रेरणाचं नाव घेतलं मावशीनं. किती वर्षांनी ऐकलं कोणाच्या तोंडून! घरी येऊन खूप रडली मी.

२७ जुलै

शाळेत रक्त घेतलं. आपल्या वस्तीतले आले, गावातले पण आले. महादेवरावाचं तर अख्खं घर, वांग्याची तोडणी सोडून! त्यांची प्राची अन् मावशीची मयुरी एकाच बाकावर. दोघी मेहकरले नर्सिंगले जातात, एकाच एसटीनं. मयुरीचे मायबाप पुण्याकडे कंपनीत, पोट्टी आजीजवळच वाढली. प्राचीच्या घरी अर्धं जेवण अन् आजीजवळ अर्धं, असं तिचं चालते.

सुई पाहून प्राची ओरडली. मयुरी हसली तिले. मंग मयुरीचीच शीर सापडेना! थेंब थेंब आलं रक्त. प्राची म्हणे, "पाहा काकू, रक्त द्यायले पण चिकट आहे ही." सारे हसले. लय दिवसांनी शाळेत असं हसणं ऐकलं.

२१ ऑगस्ट

मॅडमचा फोन. दोन घरी पुन्हा रक्त घ्यायले गाडी येणार. मावशीच्या मयुरीचं अन् महादेवरावाच्या प्राचीचं. काऊन म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ते नका विचारू ताई. ज्याचं त्यालाच आम्ही फोनवर सांगणार." बरोबर आहे. मले माहीतच नसलं म्हणजे तोंडातून निघायचं भेव नाही.

गाडीवाला माणूस नवीन. घरं चुकंल म्हणून दोन्ही दारांच्या बाजूले खडूनं गोल काढून ठेवला. पोलिओत राह्यलेल्या घराले खूण करतो तसा. काम कसं चोख पाहिजे!

२ सप्टेंबर

मले पण फोन आला. माझ्या रक्तात काही नाही.

म्हणजे प्रेरणाले सिकल नव्हतंच. मायच्या रक्तात नाही तर लेकीले ते कुठून होणार. मंग काय होतं तिले? एवढे दिवस मनात एक नाव धरून बसली होती मी, चला, निदान नाव तरी सापडलं म्हणून. तेही गेलं. हे म्हणाले, "चांगलंच झालं नं वं." हाव. चांगलंच झालं.

२८ सप्टेंबर

दसरा जवळ आला. गावातली घरं चुन्यानं पांढरीफेक! महादेवरावाच्या पुष्पाबाईनं तर ओटासुद्धा सोडला नाही. आपल्या वस्तीत चौदा एप्रिलशिवाय कोणी चुन्याचा कुचा हातात धरत नाही.

५ नोव्हेंबर

मयुरीले देऊळघाटचं स्थळ आलं. पोरगा धम्मदीप, पोस्टात आहे. पाहून गेले, पसंत! येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी साक्षगंध. मावशीचे पाय जमिनीले टेकून नाही राह्यले. मधल्या भिंतीच्या खिडकीतून दिवसभर हाका. "शीला, साडी कोणती दाखवू वं? शीला, बुंदी करू का जिलबी?" मयुरी लाजते अन् लाजली हे दिसू नये म्हणून भांडी आपटते.

माझी प्रेरणा असती तर हिच्याच बरोबरीची असती. हे रोजच मनात येते, आज लिहून टाकलं.

९ नोव्हेंबर

मॅडम आल्या होत्या. ग्रामपंचायतीत बैठक. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "लोकांकडून घेतलं ते लोकांना परत सांगणं आमचं कर्तव्य आहे. तुमच्या गावात सिकलचा दोष आढळला आहे. प्रमाण थोडं आहे, घाबरू नका." राजकुमार माझ्याकडे पाहून मान हलवत होता, म्हणजे आलं बाप्पा कोणीतरी परत सांगाले.

मंग सरपंच अर्जुनरावांनी विचारलं, "कोणाच्या घरी?" मॅडम म्हणाल्या, "ते नाही सांगता येणार." झालं. माणसं उठली ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतच उठली.

१६ नोव्हेंबर

काय लिहू.

मांडव घातला होता छोटासा. मयुरीचे मायबाप सुट्टी काढून आले होते. देऊळघाटची माणसं आली, बसली, पाणी दिलं. पोराची आत्या हात धुवायले म्हणून बाहेर गेली ती लवकर आलीच नाही. आली तवा तोंड उतरलेलं. पोराच्या मायच्या कानाले लागली. मंग मायनं बापाले उठवलं. पाण्याचे गिलास जिथल्या तिथं.

मावशी म्हणे, "काय झालं बाई? काही चुकलं का आमचं?"

आत्या म्हणे, "पोट्टी चांगली आहे. पण रक्ताचं काय? आम्हाले लेकरं-बाळं पाहिजेत."

"कोण म्हणते?"

"सारं गाव म्हणून राह्यलं. ह्याच घरात आहे म्हणे ते."

धम्मदीप खाली मान घालून उभा. मयुरीचा बाप हात जोडत त्यांच्या गाडीपर्यंत गेला. मयुरी स्वयंपाकघराच्या दारात, नव्या साडीत. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, धक्का बसला पोरीले.

गाडी गेल्यावर मावशी माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणे, "शीला, नाव जाणार नाही म्हणे तू."

मावशीच्या गळ्याची शपथ, मी कोणाजवळ बोलली नाही! मले माहीतच नव्हतं तर बोलू काय?

१७ नोव्हेंबर

मावशीनं मधली खिडकी लावून घेतली. भाजीची वाटी त्या खिडकीतून यायची-जायची.

२१ नोव्हेंबर

मॅडमले फोन लावला अन् जे तोंडात आलं ते बोलली. तुमच्याकडूनच फुटलं म्हटलं. तुमच्या कोण्या माणसानं दारू पिऊन बडबड केली असंल!

मॅडम चिडल्या नाहीत. "ताई, रक्ताच्या नळ्यांवर नावंच नाहीत. नंबर आहेत. कोणता नंबर कोणाचा ती यादी कुलूपबंद, दोघांनाच उघडता येते. मी स्वतः पुन्हा तपासते."

"मंग वाऱ्यानं सांगितलं का गावाले?"

मी फोन ठेवून दिला.

नळावर बाया बोलत होत्या, मी गेली तशा थांबल्या. एक जण पाठीमागून म्हणे, "फितूर." मागे वळून पाहिलं नाही. हंडा भरला अन् आली.

३० नोव्हेंबर

चक्कीवर दळण घेऊन गेली तर पुष्पाबाई भेटली. तोंडभर हसून म्हणे, "आशाताई, तुमच्याच वस्तीत आहे म्हणे नं ते? आमच्या प्राचीचं जमून राह्यलं हिवरा आश्रमकडे, म्हणून विचारलं. आमच्या आळीत नाही नं?"

तिच्या प्राचीचं पण रक्त दुसऱ्यांदा गेलं होतं! पुष्पाबाईले कोणी सांगितलं नसंल, गाडीवाल्यानं नुसती वजन-उंची घेतली असं सांगितलं असंल पोरीनं. म्हणजे मयुरीसारखंच प्राचीलेही असंल. जीभ चावून धरली मी. "मले काही माहीत नाही वैनी," म्हटलं.

घरी येईपर्यंत नुसता जाळ झाला अंगाचा. तुमच्याच वस्तीत! गाडी दोन घरी गेली तर एकच वस्ती कशी दिसली ह्यांना? नेहमी आपलीच कशी दिसते?

१४ डिसेंबर

मीच.

मीच. मीच!

आज पोलिओचं. लसीचा डबा घेऊन घरोघर फिरत होती, दारावर खडूनं खूण करत. मावशीचं दार बंद. त्यांच्याकडे लेकरू नाही, पण हात सवयीनं भिंतीकडे गेला. अन् तिथं गोल. ऑगस्टातला. पावसानं थोडा गेलेला, पण छपराखाली आहे म्हणून राह्यला. लांबून दिसते.

तिथंच बसली मी, ओट्यावर. बाजूची सरस्वतीबाई म्हणे, "काय झालं वं? तो गोल पाहून राह्यली का? तोच तं. मॅडम सांगून गेल्या अन् सारे दारं पाहाले निघाले. तुहाच हात आहे नं तो? पोलिओवाला?"

साऱ्या गावाले माझा हात माहीत. वर्षानुवर्षे मीच काढते खुणा. खूण दिसली म्हणजे ह्या घरी काही राह्यलं, हे लेकरालेही कळते. मीच शिकवलं गावाले ते वाचायले.

अन् महादेवरावाच्या दारावरचा चुन्याखाली गेला. दसऱ्याले. म्हणून आपलीच वस्ती राह्यली.

तोंडाले एवढं मोठं कुलूप लावून फिरत होती मी, अन् हातानं सांगून ठेवलं होतं.

१५ डिसेंबर

मावशीच्या दाराशी उभी राह्यली, दार वाजवत. उघडंना. मंग बाहेरूनच सांगितलं सगळं. खडूचं, पोलिओचं, गाडीवाल्याचं. रस्त्यावरची माणसं ऐकत होती. ऐकू देत.

दार उघडलं मावशीनं. म्हणे, "मी समजत होती तू फितूर झाली. तू तं येडी निघाली. आता ह्यातलं कोणतं बरं, तूच सांग."

ओल्या फडक्यानं गोल पुसला. मावशी पाहत होती. म्हणे, "आता पुसते?"

मॅडमलेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतक्या बैठका घेतल्या, इतके नियम केले. खडूचं आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही." रडत होत्या की काय, कळलं नाही.

३ जानेवारी

पौर्णिमा. वंदनेनंतर पुन्हा उभी राह्यली. जुलैत जिथं उभी होती तिथंच.

म्हटलं, चूक माझी आहे. अभ्यासवाल्यांकडून नाव गेलं नाही, माझ्या हातून गेलं. अन् गोल म्हणजे रोग नाही, गोल म्हणजे गाडी पुन्हा येणार, बस.

राजकुमार म्हणे, "मंग गाडी पुन्हा काऊन आलती?"

"मले माहीत नाही."

"बरं, गोल एकच होता का? गावात दुसऱ्या कोण्या दारावर नव्हता?"

जिभेवर होतं माझ्या! एक नाव, अन् आपल्या वस्तीवरचा ठपका अर्धा झाला असता. पुष्पाबाईचं ते हसू डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, सांगून टाकावं. होऊ द्या त्यांचंही काय व्हायचं ते.

बायांच्या रांगेत मयुरी होती. साक्षगंध मोडल्यापासून पहिल्यांदा आली होती. माझ्याकडे पाहत होती, एकटक. डोळ्यांत राग नव्हता. पण काहीतरी मागून राह्यली होती पोट्टी. मले वाटलं, न्याय मागते. बोल म्हणते.

नाही बोलली मी. म्हटलं, "कोणाच्याच दाराचं सांगणार नाही. असंल तरी नाही, नसंल तरी नाही. एकदा गेलं माझ्या हातून. दुसऱ्यांदा नाही जाऊ देणार."

राजकुमार उठून गेला. त्याच्या मागं बरेच गेले. मयुरीनं डोळे मिटून घेतले. तिचंही मन मोडलं मी, दुसऱ्यांदा.

१८ जानेवारी

अभ्यासाची दुसरी फेरी. शाळेत टेबलं मांडली, नळ्या मांडल्या. कोणी आलं नाही. मॅडम, मी अन् रक्त घेणारा माणूस, तिघं. दुपारी मॅडमनं सगळं गाडीत भरलं. म्हणाल्या, "दुसरं गाव बघावं लागेल, ताई."

मी म्हटलं, इथं एखादी प्रेरणा असंल तर?

त्या गाडीत बसल्या. गाडी वळली तशी धूळ उडाली, अन् मी एकटीच सतरंजी झटकत बसली.

२९ जानेवारी

मयुरी पुण्याले गेली, मायबापाजवळ. नर्सिंग अर्धवट सोडलं. डोणगावच्या फाट्यापर्यंत मी पण गेली, मावशीच्या मागं मागं, न बोलावता. प्राची पण आली होती. एसटी येईपर्यंत दोघी हात धरून उभ्या. प्राची रडून लाल झाली होती, अन् मयुरीच तिची समजूत काढून राह्यली होती! मी म्हटलं, लग्न मोडलं हिचं अन् रडते ती.

मी गोळ्यांचं पाकीट नेलं होतं, रक्तवाढीच्या. मयुरीच्या हातात दिलं. तिकडे थंडी असते, पाणी भरपूर पित जा, अंग दुखलं तर अंगावर काढू नको, माझ्या प्रेरणानं काढलं होतं. तिनं पाकीट घेतलं. माझ्या डोळ्यांले पदर लावला, माझाच. अन् एसटीत चढली.

मावशी परत येताना पुढंच चालत होती.

८ फेब्रुवारी

प्राचीचं लग्न. हिवरा आश्रमचा कुलदीप. सारं गाव जेवाले. मयुरी आली नाही.

१५ फेब्रुवारी

प्राची मांडवपरतणीले माहेरी आली. सासरच्या साडीतच सरळ माझ्या घरी. बस म्हटलं तर बसली नाही.

"काकू, तो दोष माह्या रक्तात आहे. कुलदीपले मी लग्नाच्या आधीच सांगितलं. त्यानं तपासून घेतलं, त्याचं चांगलं आहे. मयुरीले काहीच नाही. तिचं रक्त नळीत गोठलं होतं, म्हणून परत घेतलं. आम्हा दोघींले फोन एकाच दिवशी आला, एसटीत. साक्षगंध मोडलं तवा मी तिच्या पाया पडली, म्हटलं सांगून टाक. ती म्हणे, मी चांगली आहे म्हटलं की लोक दुसरं दार शोधतीन. अगोदर तुहं होऊन जाऊ दे."

त्या दिवशी फाट्यावर मी मयुरीले म्हटलं होतं, रोज एक गोळी घेत जा, विसरू नको.

"हाव काकू," म्हणे. अन् पाकीट नीट पिशवीत ठेवलं.